चार ट्रायोडांत काय काय बसवाल?

हाय-गेन प्रीअँप मॉड्यूल बनवून घ्यायला निघालेल्या गिटारवादकाची पहिली मागणी ठरलेली असते: गेन भरपूर हवा. त्याखालोखाल ब्राइट स्विच, फॅट स्विच, टाइट स्विच, बूस्ट, मिड-शिफ्ट, जमलं तर दोन मास्टर. कारागीर प्रत्येक गोष्टीचे वेगळे पैसे लावतो आणि ग्राहक सगळ्यांवर खूण करून मोकळा होतो. या यादीतली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात निरुपयोगी मागणी पहिलीच आहे. गेन जवळजवळ फुकट मिळतो. एका टप्प्याला दुसरा जोडला की आकडा दहांच्या घरातून हजारांत जातो. खरा प्रश्न असतो तो असा वाढत जाणाऱ्या सिग्नलमधून कुठल्या टप्प्यावर काय कापायचं, हा. ‘फीचर’ म्हणून जे विकलं जातं त्यातलं बरंचसं म्हणजे मुळात कात्रीच असते, आणि ती कुठे चालते हे कळल्याशिवाय यादीवर खुणा करण्यात अर्थ नाही.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. गिटारच्या अँपचे दोन भाग असतात. पिकअपकडून येणारा, जेमतेम दशांश व्होल्टच्या घरातला सिग्नल वाढवून त्याला स्वभाव देणारा तो प्रीअँप, आणि तो स्वभाव स्पीकरपर्यंत पोचवण्याइतकी ताकद देणारा तो पॉवर अँप. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या ब्रूस एग्नेटर यांनी प्रीअँप सुटा करून, नॉब, ट्यूब आणि सर्किट बोर्डासकट एका धातूच्या चौकटीत बसवला. ही चौकट चॅसीत सरकवायची. वीज चॅसी पुरवते, आवाजाचा स्वभाव मॉड्यूल ठरवतं. २०००च्या दशकात रँडल कंपनीने हीच पद्धत एमटीएस या नावाने विकली. पुढे सिनर्जीने तिला नवं रूप दिलं आणि सोल्डानो, डीझेल, बोग्नर, फ्रीडमन या नावाजलेल्या अँपचे प्रीअँप मॉड्यूलच्या आकारात आणले. जुनी एमटीएस मॉड्यूल सिनर्जीच्या चॅसीतही चालतात, त्यामुळे वापरलेलं मॉड्यूल स्वस्तात घेऊन ते आतून बदलून घेण्याचा धंदाही चांगला रुजला.

आता खोली मोजू. अशा मॉड्यूलमध्ये सहसा दोन ट्यूब असतात, दोन्ही १२एएक्स७. ही ट्यूब अमेरिकेच्या आरसीए कंपनीने १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धात आणली. युरोपात तिचंच नाव ईसीसी८३. एका काचेत दोन स्वतंत्र ट्रायोड. म्हणजे आपल्या हातात एकूण ट्रायोड चार. कुठलीही मागणी करायची तर ती या चारांत बसवायची.

ट्रायोडचं काम थोडक्यात असं: तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात आणि दोन-तीनशे व्होल्टवर बसलेल्या प्लेटकडे धावतात. मध्ये एक जाळी असते, ग्रिड. गिटारचा सिग्नल या जाळीवर येतो आणि धावणाऱ्या इलेक्ट्रॉनांना कमी-जास्त वाट देतो. नेहमीच्या जोडणीत ग्रिडवर एक व्होल्टची हालचाल झाली तर प्लेटवर साठेक व्होल्टची होते. ग्रिड फार ऋण झाला की प्रवाह बंद पडतो. फार धन झाला तर ग्रिड स्वतःच इलेक्ट्रॉन ओढू लागतो. या दोन भिंतींवर आपटून लाटेचे माथे सपाट होतात. यालाच आपण डिस्टॉर्शन म्हणतो. सुरांत मुळात नसलेले नवे स्वरांश इथेच तयार होतात.

चार ट्रायोडांचं गणित एका जुन्या अँपने फार नेटकं सोडवलं आहे. मार्शल कंपनीने १९७५ मध्ये मास्टर व्हॉल्यूम असलेलं २२०३ हे मॉडेल काढलं. १९८१ पासून ते जेसीएम८०० या नावाने विकलं गेलं आणि ऐंशीच्या दशकातल्या रॉक आणि मेटलचा आवाज मोठ्या प्रमाणात त्यातून आला. त्याच्या प्रीअँपमध्ये तीन ट्रायोड गेनसाठी आणि चौथा कॅथोड फॉलोअर म्हणून आहे. फॉलोअर सिग्नल वाढवत नाही. टोन कंट्रोलचं जाळं सिग्नल ओढून घेतं, त्याला पुरेसा जोर पुरवण्याचं काम तो करतो आणि जाता जाता लाटेचा एक माथा स्वतःच हलका दाबतो. तीन अधिक एक, चार. २२०३ दोन ट्यूबच्या मॉड्यूलमध्ये काहीही न सोडता बसतं.

माइक सोल्डानो यांनी १९८७ मध्ये आणलेल्या एसएलओ-१०० मध्ये मात्र लीड चॅनलला चार गेन टप्पे आणि वर फॉलोअर असे पाच ट्रायोड लागतात. मेसा-बूगीच्या ड्युअल रेक्टिफायरचा प्रीअँपही बराचसा याच घराण्यातला. इथे एक ट्रायोड कमी पडतो. कारागीर मग दोनांतलं एक करतो: फॉलोअर गाळून टोन कंट्रोल थेट गेन टप्प्याच्या प्लेटवरून चालवतो, नाहीतर फॉलोअरच्या जागी मॉस्फेट हा ट्रान्झिस्टर टाकतो. मॉस्फेट जोर पुरवण्याचं काम उत्तम करतो, जागा खात नाही, तापवायला वीजही लागत नाही. पण ट्यूबच्या फॉलोअरचं ते हलकं दाबणं त्यात नसतं. पिक तारेवर पडल्यावर आवाज किंचित बसतो आणि मग फुलतो, त्यातला एक वाटा त्या दाबण्याचा असतो. तेव्हा ‘पाच टप्प्यांचा गेन, दोन ट्यूबमध्ये’ अशी जाहिरात दिसली तर पाचवा ट्रायोड कुठून आणला, हे विचारावं. चांगला कारागीर हा प्रश्न आला की खूश होतो.

आता कापाकापीकडे. गिटारची सगळ्यात जाड तार, मोकळी, ८२ हर्ट्झला वाजते. तिच्यावर तळहात टेकवून एकच फटका मारला, ज्याला पाम म्यूट म्हणतात, की निघणाऱ्या आवाजात खर्जाचा मोठा गोळा आणि त्यावर पिकचा बारीक कडकडाट असतो. हा फटका जसाच्या तसा तीन गेन टप्प्यांतून पाठवला तर मोठा असलेला खर्ज पहिल्यांदा भिंतीला जाऊन भिडतो आणि तिथेच अडकून राहतो. कडकडाट त्याच्या पाठीवर बसून येत असल्यामुळे तोही दबतो. ऐकू येते ती नुसती भसभस.

दोन सूर एकत्र वाजले की आणखी एक गोष्ट होते. ८२ हर्ट्झचा ई आणि त्याचा पंचम, १२३ हर्ट्झचा बी, यांचा पॉवर कॉर्ड घेतला तर डिस्टॉर्शनमध्ये त्यांच्यातल्या फरकाचा, म्हणजे ४१ हर्ट्झचा सूरही जन्माला येतो. तो बरोबर ईच्या एक सप्तक खालचा ई असतो, म्हणून पॉवर कॉर्ड भरदार वाटतो. पंचमाऐवजी गांधार घेतला तर फरकाचा सूर आणखी एक सप्तक खाली, २० हर्ट्झच्या आसपास जातो. तो धड सूर म्हणून ऐकू येत नाही, फक्त सगळं गढूळ करतो. मेटलवाले गांधार टाळून पंचमावर का भर देतात, याचं एक कारण तरी असं थेट सर्किटमध्ये सापडतं.

म्हणून खर्ज कापायचा तो डिस्टॉर्शनच्या आधी. नंतर बेसचा नॉब कितीही खाली आणला तरी गढूळपणा हटत नाही, कारण तोवर खर्जाने वरच्या सुरांची मोडतोड करून ठेवलेली असते. आमटीत पडलेलं मीठ पळीने काढता येत नाही तसंच हे.

२२०३ मध्ये ही कात्री पहिल्याच टप्प्यावर आहे. पहिल्या ट्रायोडच्या कॅथोडला २.७ किलो-ओहमचा रेझिस्टर आणि त्याला समांतर ०.६८ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. कपॅसिटर नसता तर टप्प्याचा गेन साधारण २३ आला असता. मोठा कपॅसिटर टाकला असता तर सगळ्या सुरांना ६० मिळाला असता. ०.६८ मध्ये होतं असं की अगदी खालच्या सुरांना २३च्या जवळपास मिळतो, ८७ हर्ट्झच्या आसपास चढण सुरू होते आणि २३० हर्ट्झच्या पुढे पूर्ण ६० मिळू लागतो. खर्ज गेला नाही, पण मागच्या बाकावर बसला. यादीतला ‘फॅट स्विच’ म्हणजे बहुतेक वेळा याच जागी दुसरा मोठा कपॅसिटर जोडणारा खटका. तो दाबला की खर्जही ६०च्या गेनने पुढे येतो. कमी गेनवर ब्लूज वाजवताना हे छान वाटतं. हाय-गेनमध्ये हा स्विच पहिल्या दिवशी चालू होतो, दुसऱ्या दिवशी बंद, आणि नंतर त्याच्याकडे कुणी पाहत नाही.

‘टाइट स्विच’ची जागा पुढची, पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्याच्या मधल्या कपॅसिटरवर. तिथे २२ नॅनोफॅरड आणि पुढे एक मेगओहम असेल तर उतार ७ हर्ट्झला लागतो, म्हणजे गिटारसाठी काहीच कापलं जात नाही. २.२ नॅनोफॅरड केला की ७२ हर्ट्झ, एक नॅनोफॅरड केला की १५९. सहा तारांच्या गिटारला १५९ कठोर वाटेल; सात तारांची गिटार असेल, जिचा खालचा बी ६१.७ हर्ट्झला आहे, तर वेगात वाजणारे फटके सुटे ऐकू येण्यासाठी इतकी छाटणी लागतेच. हाय-गेन मॉड्यूलवर एकच जादा खटका मिळणार असेल तर मी हाच मागेन.

हे काम अँपच्या बाहेर कसं होतं, ते पाहण्यासारखं आहे. इबानेझची टीएस८०८ ही हिरवी ओव्हरड्राइव्हची डबी १९७०च्या दशकाच्या अखेरीस आली. मेटल गिटारवादक ती अँपच्या आधी लावतात आणि ड्राइव्हचा नॉब शून्यावर, लेव्हलचा पूर्ण ठेवतात. नवख्याला वाटतं, ड्राइव्ह शून्य तर डबी कशाला? पण तिच्या आत ४.७ किलो-ओहम आणि ०.०४७ मायक्रोफॅरडची जोडी आहे, जिची सीमा ७२० हर्ट्झला पडते. ड्राइव्ह शून्यावर असतानाही त्या सीमेच्या वरचे सूर सुमारे बारापट होतात आणि खालचे उतरत उतरत जवळजवळ जसेच्या तसे राहतात. खर्ज मागे, मध्य पुढे, आणि हे सगळं अँपच्या पहिल्या ट्यूबच्या आधी. तुमच्या पायाशी ही डबी कायम असणार असेल तर मॉड्यूलमध्ये टाइट स्विचवर पैसे घालू नका. दोन्ही कात्र्या एकदम चालल्या की आवाज काडीसारखा होतो.

दुसऱ्या टप्प्याशी थांबू, कारण हाय-गेनचा खरा स्वभाव इथे ठरतो. २२०३ च्या दुसऱ्या ट्रायोडला कॅथोड रेझिस्टर १० किलो-ओहमचा आहे, एसएलओमधल्या तशाच टप्प्याला ३९ किलोचा, आणि दोन्हींना समांतर कपॅसिटर नाही. नेहमीचा आकडा दीड-पावणेतीन किलो. रेझिस्टर इतका मोठा झाला की ट्रायोडमधून प्रवाह अगदी थोडा वाहतो. तो बंद पडण्याच्या उंबरठ्यावरच बसलेला असतो. सिग्नलची एक बाजू आली की लगेच बंद, दुसरी बाजू आली की मोकळी वाट. लाट एका बाजूने चपटी आणि दुसऱ्या बाजूने गोल, अशी लंगडी होऊन बाहेर पडते. हा टप्पा कोल्ड क्लिपर म्हणून ओळखला जातो.

गंमत अशी की याचा गेन फारच कमी असतो. ढोबळ हिशेबाने १० किलोला आठेक, ३९ किलोला अडीचच्या आसपास. ज्या टप्प्याला लोक हाय-गेनचा आत्मा म्हणतात तो गेन देतच नाही. तो लाटेला आकार देतो आणि पुढच्या टप्प्याला योग्य मापाचा सिग्नल हाती देतो. म्हणून ‘बूस्ट’ मागताना विचार करावा. काही कारागीर बूस्ट म्हणून या १० किलोला समांतर छोटा कपॅसिटर जोडतात. वरच्या पट्टीचा गेन वाढतो, पण पुढच्या टप्प्याला मिळणारं सिग्नलचं माप बिघडतं, म्हणजे आवाज मोठा होतो आणि ओळख हरवते. ३९ आणि १० यांच्यात अदलाबदल करणारा खटका मला जास्त कामाचा वाटतो. एका बाजूला सोल्डानोकडचा दाट, गुळगुळीत आवाज, दुसऱ्या बाजूला मार्शलचा मोकळा खरबरीतपणा. एकाच मॉड्यूलमधून दोन स्वभाव मिळतात, आणि ट्रायोड एकही जास्त लागत नाही.

क्लिपरच्या पुढे एक दुखणं हटकून येतं. जोराचा फटका आला की पुढच्या ट्रायोडचा ग्रिड इलेक्ट्रॉन ओढू लागतो, मधला कपॅसिटर भरतो आणि तो रिकामा होईपर्यंत ट्रायोड काही क्षण गप्प बसतो. ऐकताना नोट सुरू होते, अडखळते, आणि शेवट फाटका येतो. उपाय साधा आहे: ग्रिडच्या तोंडाशी ४७० किलो-ओहमसारखा मोठा रेझिस्टर आणि आधीचा कपॅसिटर लहान. हे फीचर कुठल्याच यादीत नसतं, कारण ते विकता येत नाही. पण कारागिराशी बोलताना ‘ब्लॉकिंग होऊ देऊ नका’ एवढं म्हटलं तर पुरेसं आहे.

गेनच्या नॉबवरचा ब्राइट कपॅसिटर हा जुना वादाचा विषय. २२०३ मध्ये तो एक नॅनोफॅरडचा आहे. नॉब कमी असताना वरचे सूर त्याच्यातून बगल देऊन पुढे जातात आणि आवाज कानाला टोचतो. नॉब पूर्ण फिरवला की त्याचा परिणाम शून्य होतो. म्हणजे घरी हळू आवाजात, कमी गेनवर वाजवणाऱ्याला हा कपॅसिटर छळतो, आणि स्टेजवर नॉब पुढे नेणाऱ्याला तो जाणवतही नाही. इथे स्विच ठेवणं खरोखर उपयोगाचं: एका बाजूला काहीच नाही, दुसऱ्या बाजूला शंभर-दोनशे पिकोफॅरड.

डायोड क्लिपिंगचीही मागणी होते. १९८७ च्या मार्शल सिल्व्हर ज्युबिलीत डायोड होते आणि तो आवाज पुष्कळांचा लाडका आहे. मात्र ट्यूबच्या टप्प्यावर दहा-दहा व्होल्ट नाचत असताना ०.६ व्होल्टला वाट देणारा साधा सिलिकॉन डायोड लावला तर आवाज एकदम बसतो. लाल एलईडी पावणेदोन व्होल्टच्या आसपास वाट देतात. त्यांच्या जोड्या लावल्या तर बरं. माझा कल सरळ आहे: चार ट्रायोड हाताशी असताना डायोडसाठी पॅनेलवर भोक पाडू नये.

टोन कंट्रोल कुठे बसवायचे, हा प्रश्न दिसतो त्याहून मोठा आहे. मार्शल आणि सोल्डानोमध्ये ते शेवटी, सगळं डिस्टॉर्शन झाल्यावर येतात. मेसा-बूगीच्या मार्क मालिकेत ते पहिल्या टप्प्यानंतर लगेच येतात, फेंडरच्या परंपरेप्रमाणे. त्यामुळे तिथे बेस जवळजवळ शून्यावर ठेवून वाजवण्याची रीत आहे, आणि हरवलेला खर्ज शेवटी पाच पट्ट्यांच्या ग्राफिक इक्वलायझरने परत आणला जातो. मेटॅलिकाने १९८६ च्या ‘मास्टर ऑफ पपेट्स’मध्ये मार्क टूसी-प्लस वापरला होता, तो आवाज ऐकला की ही पद्धत कानाला पटते. मॉड्यूलमध्ये पाच सरकत्या पट्ट्या मावणं कठीण. तेव्हा मार्क मालिकेची नक्कल मागवणाऱ्याने इक्वलायझर चॅसीच्या मागच्या लूपमध्ये वेगळा लावायची तयारी ठेवावी, नाहीतर अर्धाच आवाज मिळाला म्हणून कुरकुर करत बसावं लागतं.

मिड-शिफ्ट स्विच बहुधा मार्शलच्या टोन जाळ्यातला ३३ किलोचा रेझिस्टर बदलून ४७ किंवा ५६ किलो करतो. मध्यपट्टीतला खळगा खाली सरकतो आणि खोलही होतो. बँडमध्ये दुसरा गिटारवादक असेल तर दोघांच्या जागा वेगळ्या करायला हा स्विच कामी येतो. एकट्याने खोलीत वाजवणाऱ्याला मिडचा नॉब पुरतो.

प्रेझेन्सबद्दल मात्र सावध राहावं. खरा प्रेझेन्स पॉवर अँपच्या फीडबॅकमध्ये असतो. स्पीकरच्या बाजूने परत आणलेल्या सिग्नलमधून वरचे सूर गाळून तो काम करतो. प्रीअँप मॉड्यूलमध्ये तो फीडबॅकच नसतो. तिथे ‘प्रेझेन्स’ लिहिलेला नॉब म्हणजे आणखी एक ट्रेबल. वाईट नाही, पण त्याच नावाने पैसे मोजायचे कारण नाही.

गेन वाढतो तसा आवाजाच्या आधीपासून असलेला कचराही वाढतो. पहिल्या ग्रिडच्या तोंडाशी असलेला ६८ किलो-ओहमचा रेझिस्टर नुसता खोलीच्या तापमानाने चार-पाच मायक्रोव्होल्टची फसफस निर्माण करतो. पुढचा एकूण गेन दहा हजार धरला तर तीच फसफस चाळीस-पन्नास मिलिव्होल्ट होऊन बाहेर पडते. म्हणून जादा पैसे कुठे घालायचे तर पहिल्या टप्प्यात: चांगले मेटल फिल्म रेझिस्टर, छोटी वायरिंग, आणि पहिल्या ट्यूबचा हीटर डीसीवर. जुन्या पद्धतीचे कार्बन रेझिस्टर ‘व्हिंटेज’ म्हणून पहिल्या प्लेटवर मागवणारे लोक भेटतात. हाय-गेनमध्ये त्यांना व्हिंटेज फसफस मिळते.

आपल्याकडे यात एक स्थानिक भर पडते. भारतात वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे रेक्टिफायरनंतर उरणारी गुणगुण १०० हर्ट्झची. जाड तारेच्या तिसऱ्या पट्टीवरचा जी ९८ हर्ट्झला आहे. म्हणजे मुंबई-पुण्यात अँपची गुणगुण जवळपास जी सुरात लागते आणि त्या सुरातल्या रिफच्या खाली लपून राहते. थांबल्यावर मात्र उघडी पडते. अमेरिकेत ती १२० हर्ट्झला, बी-फ्लॅट आणि बीच्या मध्ये कुठेतरी, सगळ्याच सुरांना खटकणारी. परदेशातून मॉड्यूल मागवणाऱ्याला एक दिलासा आहे: मॉड्यूलला भिंतीतल्या विजेशी काही घेणंदेणं नसतं. त्याला चॅसीकडून प्लेटचा आणि हीटरचा व्होल्टेज मिळतो. १२० की २३० हा प्रश्न फक्त चॅसीचा. उलट परत पाठवून बदल करून घेणं म्हणजे दोन्ही बाजूंचा टपालखर्च आणि कस्टम्सची कटकट, म्हणून पहिल्याच खेपेला नीट मागणं आलं. आणि जुन्या इमारतीत अर्थिंग नसेल तर आधी अर्थिंग करून घ्यावं. गुणगुण थांबावी म्हणून तिसरी पिन कापणारे महाभाग अजून आहेत, आणि धातूची तार हातात धरून उभं राहणाऱ्याने हा खेळ अजिबात करू नये.

ट्यूब बदलणं हा एकमेव बदल सोल्डरिंगशिवाय होतो. १२एएक्स७ चा वर्धनांक १०० आहे. तिच्या जागी ५७५१ घातली तर ७०, १२एटी७ घातली तर ६०. गेन जास्त झाला असं वाटलं तर पहिल्या जागी ५७५१ घालून महिनाभर वाजवावं, मग मॉड्यूल उघडायचा विचार करावा. उघडायचं झालंच तर चॅसीतले फिल्टर कपॅसिटर वीज बंद केल्यावरही तीनशे व्होल्ट धरून बसलेले असू शकतात. ते मीटरने मोजून, उतरवूनच आत हात घालावा. हे ज्याला येत नाही त्याने झाकण न उघडलेलंच बरं.

मग मागणी कशी लिहायची? समजा, दोन गिऱ्हाइकं आहेत. एकाकडे लेस पॉल पद्धतीची गिटार, मध्यम ताकदीचे हंबकर, चार स्पीकरचं कॅबिनेट, आणि आवाज हवा ऐंशीच्या दशकातला. त्याने २२०३ चा पाया घ्यावा, ट्यूबचा फॉलोअर ठेवावा, पहिल्या टप्प्यावर ०.६८ तसाच, ब्राइटला स्विच, आणि क्लिपरला १०-३९ ची अदलाबदल. दोन खटके झाले, पुरे. फॅट नको, बूस्ट नको. गरज पडलीच तर टीएस८०८ पायाशी आहेच.

दुसऱ्याकडे सात तारा, जास्त ताकदीचे पिकअप, आणि तो कॅबिनेटऐवजी संगणकात स्पीकरचा इम्पल्स लावून रेकॉर्ड करतो. त्याने एसएलओच्या वळणाचा प्रीअँप घ्यावा. चार टप्पे गेनला देऊन फॉलोअर मॉस्फेटचा चालेल, कारण त्याला फुलणाऱ्या नोटेपेक्षा सुटा फटका महत्त्वाचा. टाइट स्विच हवाच, २.२ आणि एक नॅनोफॅरडचा. पिकअप ताकदवान असल्यामुळे पहिल्या टप्प्याचा गेन उलट कमी मागावा. हे सांगताना त्याला अवघड जाईल, पण पहिलीच ट्यूब भिंतीवर आपटली तर पुढच्या कात्र्यांना कापायला काही उरत नाही. वरच्या टोकाला वेगळा कपॅसिटर लागत नाही: खरा गिटार स्पीकर पाच किलोहर्ट्झच्या वरचं फारसं बाहेर येऊ देत नाही, आणि तेच काम इथे स्पीकरचा इम्पल्स संगणकात करतो.

कारागिराला ‘ब्राउन’, ‘क्रीमी’, ‘चगी’ असली विशेषणं पाठवू नयेत. त्याला गिटारचं ट्युनिंग, तारांची जाडी, पिकअपचं नाव, पुढे कॅबिनेट आहे की संगणक, पायाशी कोणती डबी, घरी वाजवणार की बँडसोबत, आणि सध्याच्या अँपवर कुठला नॉब कुठे असतो, एवढं कळवावं. शेवटची गोष्ट फार बोलकी असते: सध्याच्या अँपवर ज्याचा बेस कायम दोनवर आणि ट्रेबल आठवर असतो त्याला टाइट स्विच हवा आहे, मग त्याने यादीवर कशावरही खूण केलेली असो. आणि काम पूर्ण झाल्यावर बदललेल्या प्रत्येक भागाच्या मापासह सर्किटचा नकाशा मॉड्यूलसोबत मागून घ्यावा; पुढच्या वेळी ते उघडणारा माणूस दुसराच असण्याची शक्यता जास्त.